तापला की ट्रेस फुगतो आणि विझतो: ट्यूबवाल्या टेक्ट्रॉनिक्स स्कोपचा एचव्ही सप्लाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. स्कोप, म्हणजे विजेच्या सिग्नलचा आलेख पडद्यावर काढणारा ऑसिलोस्कोप, थंड असताना झकास चालतो. ट्रेस (पडद्यावरची उजेडाची रेघ) बारीक, फोकस नेटका, कॅलिब्रेटरचा चौकोनी सिग्नल जाळीवर जिथे हवा तिथेच. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ट्रेस जरा जाड वाटायला लागतो. फोकसचं बटण थोडं फिरवलं की तेवढ्यापुरतं भागतं. मग अख्खं चित्रच वाढायला लागतं, उभंही आणि आडवंही. उजेड कमी होत जातो आणि शेवटी पडदा काळा. बंद करून तासभर थंड होऊ दिला की पुन्हा पहिल्यासारखा ठणठणीत. कोणी तरी व्हॅक्यूम ट्यूब बदललेली असते, कोणी एचव्हीचा, म्हणजे हाय व्होल्टेजचा, प्रीसेट (आतला जुळवणीचा स्क्रू) पिळलेला असतो. त्याने चार दिवस बरं वाटतं आणि दुखणं परत येतं.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर टेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीच्या ५०० मालिकेतला ५४५ए आहे. ५४५बी, ५४७ वगैरे भावंडांनाही बहुतेक सगळं लागू पडतं. फक्त आकडे आणि पार्टचे नंबर त्या त्या मॅन्युअलमधून घ्या. आपल्याकडे हे स्कोप जुन्या प्रयोगशाळांच्या आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लिलावातून, नाही तर थेट भंगारवाल्याकडून येतात. तीस किलोच्या आसपासचं धूड, आत ट्यूबांची रांग, आणि मॅन्युअल इतकं सविस्तर की आजच्या उपकरणांबरोबर मिळणारा चार पानी कागद बघून लाज वाटावी. म्हणजे दुरुस्तीला लागणारी माहिती सगळी आहे. चुकतो तो मोजायचा क्रम.

मुद्दा आधीच सांगतो. या सप्लायचं आउटपुट व्होल्टेज मोजून आजार कळत नाही. ते व्होल्टेज टिकवायला ऑसिलेटर (सप्लायला वेगाने बदलती वीज पुरवणारं सर्किट) किती जोर लावतोय, ते मोजावं लागतं.

सर्किटमध्ये नेमकं काय चाललंय

मेनच्या ट्रान्सफॉर्मरवरून थेट दहा हजार व्होल्ट काढलेले नाहीत. एक बीम पॉवर ट्यूब साधारण ६० किलोहर्ट्झला (मॅन्युअलच्या भाषेत ६० किलोसायकलला) ऑसिलेट होते. फेराइट गाभ्याच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी हीच तिची कॉइल. त्याच ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून तीन सप्लाय निघतात. सीआरटीच्या, म्हणजे पडद्याच्या काचनळीच्या, कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) उणे १३५० व्होल्ट, ग्रिडला (ट्रेसचा उजेड ठरवणारी जाळी) त्याहून थोडा जास्त ऋण असा साधारण उणे १४५० व्होल्टचा वेगळा तरंगता सप्लाय, आणि पडद्याकडच्या पोस्ट-डिफ्लेक्शन अ‍ॅनोडला ट्रिपलरमधून (व्होल्टेज तिप्पट करणारं सर्किट) अधिक ८६५० व्होल्ट. कॅथोड ते अ‍ॅनोड एकूण १० किलोव्होल्ट. ५४७ मध्ये कॅथोडचा आकडा उणे १८५० आहे.

रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे) म्हणून ५६४२ नावाच्या पेन्सिलएवढ्या ट्यूबा आहेत. ५४५ए मध्ये त्या पाच. एक कॅथोड सप्लायला, एक ग्रिडला, तीन ट्रिपलरला. त्यांना सॉकेट नाही, तारा थेट सोल्डरचा डाग देऊन बसवलेल्या. प्रत्येकीचा फिलामेंट १.२५ व्होल्ट, २०० मिलिअँपिअरचा, आणि तो पेटवण्यासाठी त्याच ट्रान्सफॉर्मरवर एक-दोन वेढ्यांची स्वतंत्र वाइंडिंग.

आता रेग्युलेशन. उणे १३५० चा एक अंश रेझिस्टरच्या साखळीतून खाली आणून उणे १५० च्या रेलशी (रेल म्हणजे स्थिर व्होल्टेजची पुरवठा लाइन) ताडून बघितला जातो. फरक पडला की १२एयू७ ही ट्यूब तो मोठा करते आणि ऑसिलेटर ट्यूबच्या स्क्रीनचं (तिच्यातली एक जाळी, स्कोपचा पडदा नव्हे) व्होल्टेज वर-खाली करते. एचव्ही घसरलं तर स्क्रीन वर, ऑसिलेशन मोठं, एचव्ही पुन्हा जागेवर.

घोटाळा इथेच आहे. गळक्या टाकीवर आपोआप चालू-बंद होणारा पंप बसवला, तर वरून डोकावणाऱ्याला टाकी कायम भरलेलीच दिसते. गळती किती वाढली ते कळतं पंप किती वेळ चालतो त्यावरून. तसंच इथे. ट्रान्सफॉर्मर किंवा एखादा कपॅसिटर ऊर्जा खायला लागला, तरी उणे १३५० हलत नाही. रेग्युलेटर मुकाट्याने स्क्रीन व्होल्टेज चढवत राहतो. चढवायला जागाच उरत नाही, त्या क्षणी एचव्ही कोसळायला लागतं आणि तेव्हा कुठे आपल्याला पडद्यावर काही दिसतं. पडद्यावर लक्षण दिसतं त्याच्या वीस मिनिटं आधीपासून आजार चालू असतो.

चित्र फुगतं का, तेही याच ओघात. एचव्ही कमी झालं की इलेक्ट्रॉन डिफ्लेक्शन प्लेटांमधून हळू जातात, म्हणून तेवढ्याच सिग्नलला जास्त वळतात. त्यामुळे उभं आणि आडवं दोन्ही सारख्या प्रमाणात वाढलं तर संशय एचव्हीवर. फक्त उभं वाढलं तर व्हर्टिकल अ‍ॅम्प्लिफायर बघा, एचव्हीच्या डब्याला हात लावू नका.

हात घालण्याआधी

लोक दहा हजार व्होल्टला घाबरतात आणि खालच्या बाजूच्या अधिक ३५० आणि ५०० व्होल्टच्या रेलकडे दुर्लक्ष करतात. माझ्या मते धोका उलटा आहे. एचव्हीचा ऑसिलेटर फार करंट देऊ शकत नाही. झटका जबर बसतो, हात मागे फेकला जाऊन पत्र्यावर आपटतो, रक्त येतं. पण ५०० व्होल्टच्या रेलमागे मोठे इलेक्ट्रोलिटिक आणि शेकडो वॉटचा मेन ट्रान्सफॉर्मर आहे. ती रेल माणूस मारते. अर्थात एचव्हीचे फिल्टर कपॅसिटर आणि सीआरटीच्या काचेत साठलेला चार्जही हलक्यात घेऊ नका.

एक हात खिशात, पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी मॅट, बोटातली अंगठी आणि मनगटातलं कडं काढून ठेवलेलं, आणि घरात दुसरं कोणी तरी जागं. कपॅसिटर डिस्चार्ज करायला स्क्रूड्रायव्हर टेकवू नका. त्या ठिणगीने रेक्टिफायर आणि कपॅसिटर दोघांचं आयुष्य कमी होतं. लांब इन्सुलेटेड दांडीच्या टोकाला काही शे किलोओहमची रेझिस्टरची माळ, दुसरं टोक चॅसिसला, आणि दोन-तीन सेकंद टेकवून धरायचं. मग मीटरने खात्री.

आणखी एक. मेन ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या ११७ ला आहेत की २३४ ला, ते पत्रा उघडून डोळ्यांनी बघा. मागच्या पट्टीवर लिहिलेल्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेहून कोणी हौशीने आणलेल्या स्कोपला थेट आपल्या २३० व्होल्टवर लावलं तर पुढचं काहीच वाचायची गरज राहणार नाही.

आधी खालच्या रेल

चालू केल्यावर साधारण २५ सेकंदांनी टाइम-डिले रिले टक्कन बसतो. तो बसल्यावर उणे १५० मोजा. बाकी सगळ्या रेल, अधिक १००, २२५, ३५० आणि ५००, तिच्याकडे बघून स्वतःला सावरतात, आणि एचव्हीचा रेग्युलेटरही. ती दोन-तीन टक्क्यांनी हललेली असेल तर बाकीचं मोजणं वाया. तिच्या मुळाशी ५६५१ ही व्होल्टेज रेफरन्स ट्यूब आहे. तिचं व्होल्टेज उड्या मारत असेल तर ट्रेसची उंची आणि उजेडही बारीक थरथरतो.

प्रत्येक रेलवरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) दुसऱ्या स्कोपने बघा. आपल्याकडे मेन ५० हर्ट्झ, म्हणजे फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल १०० हर्ट्झ. ट्रेसच्या उजेडात ते पट्टे दिसत असतील तर जुने फिल्टर कपॅसिटर गेलेत आणि एचव्ही बिचारा निर्दोष आहे.

ट्रेस मुळीच नसेल तर सीआरटीच्या वरच्या बाजूला बीम कुठे गेलाय ते दाखवणारे छोटे निऑन दिवे आहेत, ते बघा. पोझिशनची बटणं फिरवून ते दिवे मधल्या स्थितीला येत असतील आणि तरी पडदा काळा असेल, तर डिफ्लेक्शन ठीक आहे. शोध एचव्ही आणि सीआरटीपुरता उरला. एवढ्या साध्या गोष्टीने निम्मं काम वाचतं आणि निम्मे लोक तिकडे बघतच नाहीत.

मुख्य मोजमाप

आता एचव्हीच्या डब्याचं झाकण काढा. दोन मीटर हवेत. एक उणे १३५० वर, दुसरा ऑसिलेटर ट्यूबच्या स्क्रीन पिनवर.

उणे १३५० साठी एचव्ही प्रोब असेल तर उत्तम. फ्लूकचा ८०के-४० हा १००० मेगओहमचा, हजारास एक प्रमाणाचा प्रोब १० मेगओहमच्या कुठल्याही डिजिटल मीटरला चालतो. नसेल तर १० मेगओहमचे दहा रेझिस्टर सरळ रेषेत जोडून, काचेच्या किंवा जाड पीव्हीसी नळीत घालून, टोकं सील करून माळ बनवा. मीटरचे स्वतःचे १० मेगओहम खाली येतात, म्हणून भागाकार अकराचा. १३५० ला मीटर १२२.७ दाखवेल. साधा पाव वॉटचा रेझिस्टर सुमारे २५० व्होल्ट झेलतो आणि इथे प्रत्येकावर १२३ च्या आसपास येतात, म्हणून चालतं. ही माळ ८६५० च्या बाजूला चुकूनही लावू नका.

स्क्रीनवर मीटर लावताना टोकाला १०० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. नाही तर ६० किलोहर्ट्झचा आरएफ (उच्च वारंवारतेचा सिग्नल) लीडमधून मीटरमध्ये शिरून आकडे नाचवतो. या रेझिस्टरने १ टक्का चूक येते. आपल्याला आकड्यापेक्षा त्याची चाल बघायची आहे, तेव्हा ती चालेल.

झाकण उघडं असलं की हवा नेहमीच्या वाटेने फिरत नाही. म्हणून मोजमापाच्या तारा बाहेर काढून, बाजूचे पत्रे शक्य तितके परत लावून, स्कोप त्याच्या सवयीच्या उष्णतेत चालू द्या. मग दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत उतरवा. खरं निदान त्या वहीत होतं.

स्क्रीन पहिल्या दोन मिनिटांत स्थिरावला आणि तासभर तिथेच राहिला, तर सप्लाय निरोगी. स्क्रीन पहिल्यापासूनच उंच असेल आणि वेळेबरोबर फारसा बदलत नसेल, तर ऑसिलेटर ट्यूब दमलेली आहे. तिचा हीटर एक-दोन मिनिटांत पूर्ण तापतो, त्यानंतर ती आणखी बिघडत नाही. इथे ट्यूब बदलणं योग्य.

आणि स्क्रीन खालून सुरू होऊन वीस-तीस मिनिटं सावकाश चढत गेला, एचव्ही तोवर जागेवर, मग स्क्रीन एका उंचीवर जाऊन अडकला आणि त्याच मिनिटापासून एचव्ही घसरायला लागलं, तर बाहेर काही तरी ऊर्जा खातंय. नवी ट्यूब घातली तर तिच्यात जोर जास्त असल्याने अडकायची वेळ थोडी पुढे जाते इतकंच. चार दिवस बरं वाटण्याचं कारण हे.

चौथी चालही असते. स्क्रीन शांत, पण एचव्हीच चुकीचं आणि प्रीसेट टोकाला नेला तरी जमत नाही. हा रेझिस्टरच्या साखळीचा दोष. मेगओहममधले जुने कार्बन रेझिस्टर वर्षानुवर्षांत वर सरकतात. एचव्हीकडचा रेझिस्टर वाढला की रेग्युलेटरला वाटतं व्होल्टेज कमी पडतंय, आणि तो ते आणखी वाढवतो. मग ट्रेस बारीक आणि छान दिसतो, पण चित्र आकसलेलं. एक टोक सोडवून प्रत्येक रेझिस्टर मोजा, आणि बदलताना त्याचं व्होल्टेज रेटिंग बघा. हा दोष आधी दुरुस्त करा, कारण चढलेल्या एचव्हीवर बाकीचे सगळे पार्ट जास्त ताणात असतात.

कॅथोडचा रेक्टिफायर उघडा पडला तर काय होतं, तेही ध्यानात असू द्या. फीडबॅक त्याच सप्लायवरून घेतलेला आहे. तो गेला की रेग्युलेटर आंधळा होऊन स्क्रीन पूर्ण वर नेतो आणि उरलेले दोन सप्लाय मर्यादेबाहेर ढकलतो. पडदा काळा, स्क्रीन टोकाला, पण कुठून तरी चरचर ऐकू येतेय, असं दिसलं तर लगेच बंद करा. उलट ग्रिडचा रेक्टिफायर गेला तर ट्रेस भगभगीत होतो आणि इंटेन्सिटीचं बटण ऐकत नाही. फॉस्फर जळायच्या आत तेही बंद.

डोळे आणि नाक

खोलीतला दिवा घालवा आणि ५६४२ ट्यूबांकडे बघा. फिलामेंट अंधारात मंद केशरी दिसतात. पाचही सारख्याच मंद होत चालल्या असतील तर ऑसिलेटर बसतोय. एकच विझलेली असेल तर ती ट्यूब किंवा तिची वाइंडिंग. त्याच अंधारात ट्रिपलरच्या आसपास निळसर धूसर प्रकाश, बारीक सूं आवाज आणि ओझोनचा तिखट वास आला, तर तो कोरोना, म्हणजे हवेत होणारी विजेची गळती. कारण बहुधा धूळ, नाही तर टोकदार डाग. डाग गोल, गुळगुळीत करा, आणि डबा मऊ ब्रशने, नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या.

टेक्ट्रॉनिक्सच्या सर्व्हिस सेंटरांत हे स्कोप सौम्य साबणाच्या पाण्याने चक्क धुवून ऊबदार कपाटात सुकवायचे. हे वाचून बऱ्याच जणांचे हात शिवशिवतात. धुवा हवं तर, पण एचव्ही ट्रान्सफॉर्मरपर्यंत पाणी जाऊ देऊ नका.

मुंबई-कोकणात, पावसाळ्यात, महिनोन्‌महिने बंद राहिलेला स्कोप याच्या अगदी उलट वागू शकतो. सुरुवातीला वाईट, तापल्यावर चांगला. ती पृष्ठभागावरची ओल. धूळ आणि दमट हवा मिळून इन्सुलेटरवर वाहक थर तयार होतो आणि आतल्या उष्णतेने सुकला की दोष गायब. थंड असताना वाईट असेल तर साफसफाई. गरम झाल्यावर वाईट असेल तर पुढे वाचा.

कपॅसिटर की ट्रान्सफॉर्मर

एचव्हीचे चकतीसारखे सिरॅमिक कपॅसिटर आणि ५० च्या दशकातले काळे कागदी कपॅसिटर, दोन्हीवर संशय घ्यायला हवा. कागदी तर सरळ बदला, त्यांची चौकशी करत बसण्यात अर्थ नाही. सिरॅमिक चकत्यांसाठी इलेक्ट्रिशियनचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) कामाला येतो. एक टोक सोडवा, १००० व्होल्टवर मेगर लावा (चकतीचं रेटिंग त्याहून बरंच वर आहे ना, ते बघून), आणि हेअर ड्रायरने तिला गरम करत काटा बघा. चांगली चकती गरम झाली तरी मेगरच्या शेवटच्या टोकालाच राहते. तापल्यावर शंभर-दोनशे मेगओहमवर उतरली तर फेका.

चकत्या सुटल्या तर आरोपी ट्रान्सफॉर्मर. तो सिद्ध करायची सोपी युक्ती अशी. स्कोप पूर्ण थंड, प्लग काढलेला, कपॅसिटर डिस्चार्ज केलेले. हेअर ड्रायर फक्त ट्रान्सफॉर्मरवर धरा, बाकीच्या भागांना पुठ्ठ्याचा आडोसा. हात लावला तर चटका बसणार नाही पण धरून ठेवावंसं वाटणार नाही, इतपत गरम करा. ड्रायर बाजूला, झाकण जागेवर, मग चालू. ट्यूबा, कपॅसिटर, रेझिस्टर सगळे थंड आहेत. तरीही स्क्रीन पहिल्या मिनिटापासून उंच आला, तर खटल्याचा निकाल लागला.

मेगरने ट्रान्सफॉर्मर तपासून ‘पास’ म्हणणारे बरेच भेटतात. मेगर डीसी लावतो. इथला दोष ६० किलोहर्ट्झच्या एसीवर वाइंडिंगमधल्या इन्सुलेशनमध्ये होणाऱ्या ऊर्जेच्या क्षयाचा आहे. इन्सुलेशन फुटलेलं नसतं, ते आतून तापत असतं. त्या उष्णतेने क्षय वाढतो, वाढलेल्या क्षयाने उष्णता वाढते, आणि म्हणूनच शेवटची पाच मिनिटं पहिल्या वीस मिनिटांपेक्षा वेगाने जातात. पंख्याची जाळी धुळीने बुजलेली असेल तर हा दिवस आणखी लवकर येतो.

ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला असेल तर रिंग टेस्ट करा. छोट्या कपॅसिटरमधून प्रायमरीला पल्स द्या आणि दुसऱ्या स्कोपवर विरत जाणाऱ्या लहरी बघा. उंची अर्ध्यावर येईपर्यंत किती लहरी येतात ते मोजून ४.५३ ने गुणलं की क्यू (जितका मोठा, तितकी ऊर्जा कमी वाया) मिळतो. आधी थंड असताना, मग ६० अंशांना गरम करून. थंड आणि गरम यांत क्यू जेमतेम हलला तर ट्रान्सफॉर्मर चांगला. निम्म्याखाली गेला तर त्याने कबुली दिली.

यामागचं कारण जुन्या मंडळींमध्ये प्रसिद्ध आहे. टेक्ट्रॉनिक्स हे ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या कारखान्यात गुंडाळायची. सुरुवातीचे मेणात भिजवलेले, ते आजही तगून आहेत. नंतर इपॉक्सीत घातलेले आले. कागदावर इपॉक्सीच सरस, कडक आणि पाणी न शिरणारी. काही दशकांनी दिसलं ते उलट. म्हणून एकाच मॉडेलचे दोन स्कोप असतील तर जुन्या सिरियल नंबरचा निरोगी आणि नव्याचा आजारी, असं विचित्र चित्र दिसू शकतं. लिलावात घेताना झाकण उघडू देत असतील तर मी आधी हेच बघेन.

आता करायचं काय

सर्वांत स्वस्त उपाय भट्टी. ट्रान्सफॉर्मर काढून ९० अंशांच्या आसपास एक-दोन दिवस सुकवायचा. आत शिरलेली ओल जाते, क्यू सुधारतो, आणि काही स्कोप त्यावर बराच काळ चालतात. दमट गावात मात्र पुढच्या पावसाळ्याचा भरवसा देता येत नाही. स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी वापरू नका, जुन्या इपॉक्सीचा वास अन्नाला लागलेला घरच्यांना चालणार नाही.

दुसरा उपाय मला जास्त पटतो: ट्रान्सफॉर्मरवरचं ओझं कमी करणं. हिशेब करा. पाच ५६४२, प्रत्येकी १.२५ गुणिले ०.२, म्हणजे पाव वॉट, एकूण सव्वा वॉट नुसते फिलामेंट पेटवण्यात. आणि बीमचा करंट १०० मायक्रोअँपिअर धरला तरी १० किलोव्होल्टला तो १ वॉट. म्हणजे फिलामेंट बीमपेक्षा जास्त खातात. त्या जागी डायोड बसवले की स्क्रीन व्होल्टेज लक्षणीय खाली येतं. ट्रान्सफॉर्मर फक्त किंचित आजारी असेल तर एवढ्यावर वर्षानुवर्षं निघतात.

पण डायोड कुठला, यावर सगळं अवलंबून. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर ‘हाय व्होल्टेज डायोड’ मागितला की हातात मायक्रोवेव्ह ओव्हनचा डायोड पडतो. तो ५० हर्ट्झसाठी आहे. ६० किलोहर्ट्झला त्याला बंद व्हायला वेळच मिळत नाही, तो तापतो आणि ट्रान्सफॉर्मरवरचं ओझं उलट वाढवतो. हवेत ते टीव्ही-मॉनिटरच्या एचव्हीसाठीचे फास्ट रिकव्हरीवाले. ट्रिपलरमध्ये प्रत्येकावर जवळपास ६ किलोव्होल्टचा उलटा ताण येतो, म्हणून १२ किलोव्होल्ट किंवा वरचे घ्या. सुट्या झालेल्या फिलामेंट वाइंडिंगची टोकं नीट इन्सुलेट करून बाजूला बांधा. ती एचव्हीवर तरंगत असतात.

डाग देताना एक पथ्य. या स्कोपमधल्या पांढऱ्या सिरॅमिक पट्ट्यांच्या खाचांना चांदी चढवलेली आहे. साधं सोल्डर वारंवार वापरलं तर ते ती चांदी ओढून घेतं आणि खाच कायमची निकामी होते. सुमारे ३ टक्के चांदीचं सोल्डर वापरा. अनेक स्कोपच्या आतच त्याची छोटी गुंडाळी खुंटीवर लावून दिलेली असते, आणि अजून शाबूत असते, कारण ती कशासाठी आहे ते आधीच्या मालकाला कळलेलंच नसतं.

तिसरा उपाय, पूर्ण बरा करणारा, म्हणजे रिवाइंडिंग. एचव्ही सेकंडरी साध्या थरांची नाही, ती मधाच्या पोळ्यासारख्या जाळीदार पद्धतीने गुंडाळलेली असते, कारण शेजारच्या वेढ्यांमध्ये व्होल्टेज कमी राहावं लागतं. त्याला कॅमवालं यंत्र लागतं. रेडिओच्या आयएफटी कॉइल गुंडाळणारे जुने कारागीर कुठे उरले असतील तर त्यांना हे काम नवं नाही. वेढे मोजताना जुनी वाइंडिंग कापू नका, उलगडत मोजा. फेराइट जपून, ते कपबशीसारखं तडकतं, आणि गाभ्यातली फट पूर्वी होती तेवढीच ठेवा, नाही तर फ्रिक्वेन्सी सरकते. शेवटी इपॉक्सीच्या मोहात न पडता गरम मेणात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, म्हणून त्यानंतर पंखा आणि जाळी स्वच्छ ठेवणं आलंच.

ट्रान्झिस्टरवाल्यांसाठी थोडक्यात

१९७२ चा ४६५ वगैरे पोर्टेबल स्कोप वेगळ्या जातीचे. तिथे कॅथोडला उणे २४५० आणि एकूण सुमारे १८ किलोव्होल्ट, आणि ट्रिपलरच्या जागी व्होल्टेज वाढवणाऱ्या मल्टिप्लायरचा सीलबंद ठोकळा. इथला नेहमीचा गुन्हेगार तो ठोकळा, किंवा खालच्या रेलवर शॉर्ट झालेला टँटलम कपॅसिटर. रेल ठीक असतील तर मल्टिप्लायरची इनपुट तार सोडवा आणि इन्सुलेट करा. ऑसिलेटर जिवंत झाला आणि उणे २४५० आलं, तर ठोकळा गेला. तो उघडून दुरुस्त होत नाही.

बसवल्यावर

नवा ट्रान्सफॉर्मर किंवा डायोड बसले की पुन्हा तीच वही. सगळे पत्रे लावून, पूर्ण तीन तास, दर दहा मिनिटांनी स्क्रीन आणि एचव्ही. स्क्रीन तिसऱ्या तासालाही पहिल्या दहा मिनिटांच्या आकड्याजवळ असेल तरच काम झालं म्हणा. मग एचव्हीचा प्रीसेट उणे १३५० वर आणा, आणि त्यानंतर व्हर्टिकल गेन आणि स्वीपचं टायमिंग दोन्ही पुन्हा कॅलिब्रेट करा. एचव्ही हललं की दोन्ही हललेली असतात, आणि आधीच्या कोणी तरी ती चुकीच्या एचव्हीवर जुळवून ठेवलेली असण्याची शक्यता मोठी आहे. स्क्रीनचा निरोगी आकडा पेन्सिलने एचव्हीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवा.